भाड्याची खोली आणि येणारे बाळ

आगमनकाळ आला की आपण घरोघरी गव्हाणीचा देखावा मांडतो. बेथलेहेमात योसेफाला जागा मिळाली नाही, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. पण ऐकणे निराळे आणि गरोदर पत्नी घरी असता स्वतः खोलीची काळजी वाहणे निराळे.

पांढुर्ण्यास आम्ही एका खोलीत भाड्याने राहतो. माझे काम संत्र्यांच्या पेट्या भरण्याचे, म्हणजे हंगामापुरते. हंगाम सरला आणि दोन महिन्यांचे भाडे, रुपये ३,०००, थकले. पत्नीस तेव्हा पाचवा महिना होता. घरमालकांनी निरोप धाडला की भाडे द्या, नाही तर बाळंतपणापूर्वी खोली मोकळी करा. त्यांचा संसारही त्याच भाड्यावर चालतो, म्हणून मी त्यांस बोल लावीत नाही.

इंग्लंडात गरिबाचे भाडे भरण्यास सरकार हातभार लावते, असे मी कोठे तरी वाचले होते. त्या आशेने कचेरीत गेलो. “किराये के लिए कुछ नहीं है, भैया,” असे बाबूंनी सौम्यपणे सांगितले. खेड्यातील गरिबास पक्के घर बांधण्यास १,२०,००० रुपयांचे साह्य आहे; परंतु ज्याची स्वतःची जागाच नाही, त्याने विटा कोठे रचाव्या? पोपमहाशय तेविसावे योहान यांनी १९६३ साली आपल्या परिपत्रकात अन्नवस्त्राबरोबर निवाराही माणसाचा हक्क म्हणून सांगितला. तो हक्क कोणत्या खिडकीवर मागावा, हे मात्र मला उमगेना.

वाट दाखविली ती अंगणवाडीच्या ताईंनी. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरे अपत्य कन्या असल्यास ६,०००. पहिला हप्ता ३,००० रुपयांचा. त्यासाठी गरोदरपणाची नोंद लवकर करावी लागते आणि निदान एक तपासणी झालेली असावी लागते. आमची नोंद वेळेत झालेली होती, हे देवाचे उपकार. अडले ते बँकेच्या खात्यावर. आमचे खाते दोघांच्या नावाचे. सरकारला ते एकट्या मातेच्या नावाचे हवे. नवे खाते, आधारची जोडणी, यांत कित्येक खेटे झाले. मला प्रथम राग आला. नंतर वाटले, नवऱ्याच्या हाती पैसा गेला तर तो कोठे जातो हे सरकारने पुष्कळ घरांत पाहिले असावे.

पैसे आले तेव्हा मी काही बोललो नाही. रक्कम नेमकी थकबाकीएवढी, आणि ती तर तिच्या पोषणासाठी! त्या पैशांकडे डोळे लावणे हे मला चोरीसारखे वाटत होते.

तीच म्हणाली, “अर्धे मालकांना द्या. छप्परच गेले तर गूळ-शेंगदाणे मी कोठे बसून खाऊ?”

दीड हजार घेऊन मी मालकांकडे गेलो आणि सर्व हकीकत प्रथमच मोकळेपणाने सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग उरलेल्या रकमेस मुदत दिली. हे मी दोन महिन्यांपूर्वीच सांगितले असते तर! पण गरिबाची लाज मोठी हट्टी असते.

रीतीप्रमाणे पत्नी माहेरी सौसरला गेली, माता-बाल कार्ड जपून बरोबर नेले. तेथील सरकारी रुग्णालयात कन्या झाली. दोघी परतल्या त्या दिवशी मालकीणबाईंनी डिंकाचे लाडू आणून दिले. दुसरा हप्ता, रुपये २,०००, जन्माची नोंद आणि पहिल्या लसी पूर्ण झाल्यावर मिळेल. एक लस अजून बाकी आहे, आणि मालकांचे दीड हजारही.