दोन नंबरचा चष्मा आणि दहावीचं विज्ञान

सातारा
रविवार, दुपार

प्रिय शुभा,



तुझा फोटो मिळाला. तळं पार गोठलंय आणि तुमच्या कॅलगरीची ती हौशी मंडळी बर्फावर स्टुलं टाकून, भोकात गळ सोडून बसलीयत! त्या फोटोवरून इथे मोठी चर्चा झाली. ती सांगतेच, पण आधी मधलं रामायण ऐक.

दादाची बदली झाली, म्हणून त्याची मुलगी सई यंदा आमच्याकडे आहे. पोरगी दहावीत. चित्रं काढते सुंदर, त्यामुळे पुढे आर्ट्सला जायचं हे तिचं ठरलेलं. जूनमध्येच मला म्हणाली, "आत्या, मार्चमध्ये पेपर झाला की विज्ञानाचं पुस्तक रद्दीत." मी काय बोलणार? १९८७ साली मीही तेच केलं होतं. तू सायन्सला गेलीस, मी कॉमर्सला, आणि तिथून थेट पतसंस्थेच्या काउंटरवर. माझं विज्ञान दहावीत संपलं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

रोज संध्याकाळी ती मोठ्याने वाचते आणि मी भाजी निवडत ऐकते. आता 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' अशी दोन पुस्तकं आहेत, भाग १ आणि भाग २. लेखी ४०-४० गुणांची, वर २० प्रात्यक्षिकाचे. पहिल्यात गुरुत्वाकर्षण, वीज, उष्णता, भिंगं, धातू, कार्बनी संयुगं. दुसऱ्यात आनुवंशिकता, पेशी, सूक्ष्मजीव, प्राण्यांचं वर्गीकरण. अगं, आपलं 'वक्रीभवन' आठवतं? त्याचं आता 'अपवर्तन' झालंय. काठी पाण्यात तशीच वाकडी दिसते, नाव तेवढं बदललं. आवर्तसारणीत आता ११८ मूलद्रव्यं आहेत आणि सगळ्या चौकटी भरल्यात. शेवटच्या चौघांची बारशी २०१६ साली झाली: निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन, ओगानेसॉन. आपण घोकलेला नववा ग्रह तर २००६ मध्येच बाद झाला. आणि 'सामाजिक आरोग्य' नावाचा अख्खा धडा आहे, त्यात ताणतणाव, व्यसनं, सायबर गुन्हे. आपल्या वेळी ताण हा फक्त स्प्रिंगला असायचा.

आता चष्म्याची गोष्ट. भिंगांच्या धड्यात दृष्टिदोष आहेत. सई वाचत होती: निकटदृष्टिता, दूरदृष्टिता, वृद्धदृष्टिता. मी म्हटलं आण इकडे, बघू, आणि पुस्तक हातात घेऊन हात लांब केला. अजून लांब केला. सई माझ्याकडे बघून हसायला लागली. "आत्या, तू धड्यातलंच उदाहरण आहेस!" निरोगी डोळ्याला २५ सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं, स्नायूंना ते पूर्वीसारखं फुगवता येत नाही, आणि तो जवळचा बिंदू हळूहळू दूर सरकतो. मग बहिर्वक्र भिंगाचा चष्मा. मी तो चार वर्षं नाकावर घेऊन फिरतेय, पण तो नेमकं काय करतो हे त्या दिवशी पंधरा वर्षांच्या मुलीकडून कळलं.

गंमत पुढेच आहे. मी तिचं जर्नल उघडलं. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग सुबक आकृतीसह लिहिलेला, निरीक्षणाचा तक्ता भरलेला. विचारलं, "भिंग हातात घेतलं होतंस?" तर नाही. पुढे टेबलावर एकदा दाखवलं, आकडे फळ्यावरून उतरवून घेतले. आपल्याला तरी कुठे काय मिळालं होतं म्हणा! आपल्या शाळेत सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद आणि किल्ली रजेवर.

मग मी माझाच चष्मा काढून तिच्या हातात दिला. समोरच्या खोलीचे दिवे बंद केले, मागचं दार लावलं, एकच खिडकी उघडी ठेवली. त्या खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा डोंगर दिसतो, तुला आठवत असेल. सईने खिडकीकडे तोंड करून चष्मा धरला आणि मागे कोरा कागद पुढे-मागे करत राहिली. आधी नुसता पांढरा धब्बा. मग एका जागी तो धब्बा आवळत गेला आणि कागदावर अजिंक्यतारा उतरला! चार बोटांएवढा, अख्खा उलटा, माथा खाली आणि आभाळ पायाशी. रंगसुद्धा दिसत होते गं, डोंगराचा करडा आणि आभाळाचा निळा. आम्ही दोघी गप्पच झालो. मग मी शिवणाची टेप आणली. चष्मा ते कागद, पन्नासला अर्धा सेंटिमीटर कमी. सईने मनातल्या मनात हिशेब केला: अर्धा मीटर, एक भागिले अर्धा, दोन डायॉप्टर. "आत्या, तुझा नंबर दोन!" डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तोच. त्या रात्री तिने जर्नलचं ते पान फाडलं आणि आमच्या आकड्यांनी नवं लिहिलं. आकृतीत अजिंक्यतारा काढलाय, उलटा. त्याला गुण मिळतील की शेरा, देव जाणे.

तेव्हापासून मला नादच लागलाय. परवा पाहुणे होते. एकीकडे गीझर चालू, दुसरीकडे किटली, वर ह्यांची इस्त्री. थोड्या वेळात खट्ट, सगळा अंधार. हे लगेच वायरमनला फोन लावायला निघाले. सईने उपकरणांवरचे वॅट वाचले: ३०००, १५०० आणि १०००. बेरीज साडेपाच हजार, भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळपास २४ अँपिअर. आमच्या जुन्या घरात हे सगळं एकाच लाइनवर आणि तिथला एमसीबी १६ चा. "अतिभार," ती म्हणाली, इस्त्रीचं बटण बंद केलं, किटलीचं केलं, खटका वर ढकलला. वायरमनचे पैसे वाचले, आणि मुख्य म्हणजे 'जरा जास्तीचा एमसीबी बसवून टाकू' हा ह्यांचा बेत बारगळला. तार तीच ठेवून नुसता खटका वाढवला तर तापायची ती तारच, हे त्यांना भाचीने समजावलं.

आपत्ती व्यवस्थापनाचा धडा वाचत होतो तेव्हा आई आतून उठून आली. ११ डिसेंबर १९६७ ची ती कोयनेच्या भूकंपाची पहाट तिने सांगितली. फळीवरची भांडी कशी एकामागून एक खाली आली, कसे सगळे गोधड्या घेऊन अंगणात जाऊन बसले आणि उजाडलं तरी आत जायची कुणाची छाती होईना.  सईने त्या धड्याच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'आजीला विचारा'.

आता मूळ मुद्द्यावर येते. २०२३ साली केंद्राच्या एनसीईआरटीने स्वतःच्या दहावीच्या पुस्तकातून आवर्तसारणी आणि उत्क्रांती गाळली. कारण दिलं मुलांवरचं ओझं कमी करण्याचं, आणि पुढे अकरावी-बारावीला ते येतंच. आपल्या बालभारतीच्या पुस्तकात दोन्ही आहेत, ते बरंच आहे. पण 'पुढे येतंच' हे वाचून मी चिडले. कुणाला येतं पुढे? तुला आलं. मला नाही आलं, सईला येणार नाही, आमच्या पतसंस्थेतल्या एकालाही आलं नव्हतं. आपला जीव कुठून उपजला आणि जग कशाचं बनलंय, हे ज्यांना पुढे कुणी सांगणार नाही त्यांना ते दहावीतच कळायला हवं. डॉक्टर-इंजिनिअर होणारे पुढे कुठेतरी शिकतीलच. हे साधं, सर्वांचं विज्ञान खरं तर आमच्यासाठी आहे, ज्यांचं ते शेवटचं विज्ञान असतं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक पाच दिवस सांगितलं तर बरं वाटताच दुसऱ्या दिवशी का थांबवू नये, मधुमेहाचं चूर्ण विकणाऱ्यावर विश्वास का ठेवू नये, मुलगी झाली म्हणून सुनेला का बोलू नये. मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, एवढी एक ओळ घराघरांत पोचली असती तर किती बायकांचं आयुष्य सुखाचं झालं असतं! ती ओळ शाळेच्या पुस्तकात आहे. आपण ती दोन गुणांसाठी पाठ केली आणि विसरलो.

आता तुझा फोटो. उष्णतेच्या धड्यात 'पाण्याचे असंगत आचरण' आहे. पाणी थंड होता होता आकसतं, पण ४ अंशांच्या खाली उलटं प्रसरण पावायला लागतं. म्हणून ४ अंशांचं जड पाणी तळाशी राहतं, त्याहून गार पाणी वर येतं, बर्फ वरच धरतो आणि खाली मासे जगतात. सईने हे होपच्या उपकरणाच्या आकृतीसकट पाठ केलंय, पण साताऱ्याच्या पोरीने गोठलेलं तळं बघायचं कुठे? तुझा फोटो दाखवला तर ती किंचाळलीच, "म्हणजे खरंच मासे असतात खाली!"

म्हणून तुला एक काम सांगते. त्या गळ टाकून बसणाऱ्यांपैकी कुणाशी तुझी ओळख असेलच. त्यांच्याबरोबर जा, दोरीला थर्मामीटर बांधून भोकातून सोडायला सांग. आधी बर्फाच्या लगेच खाली, मग तळाशी. दोन्ही आकडे मला लिहून पाठव, जे येतील ते, ४ आले नाहीत तरी चालेल. पुस्तकातले आकडे सईला पाठ आहेत. तिला तुझे हवेत. फेब्रुवारीच्या आत पाठव, मार्चमध्ये तिचा पेपर आहे.

तुझी,
कुंदा