महिरपी कंस

नववीच्या गणितात संच शिकताना एक शब्द येतो: महिरपी कंस. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा कर्ली ब्रॅकेट. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणजे हा कंस दिवसातून शेकडो वेळा टाईप करतो. महिरप म्हणजे कमान, एवढं माहीत होतं. सीताबर्डीला आम्ही नागपूरकर नुसतं बर्डी म्हणतो. गणपतीच्या आधी बर्डीच्या मेन रोडवर मखरांसोबत महिरपीही विकायला येतात, कापडाच्या, पुठ्ठ्याच्या, सोनेरी झालर लावलेल्या. हा शब्द अरबी 'मिहराब'वरून आलाय हे मात्र फार उशिरा कळलं. मशिदीत मक्केची दिशा दाखवणारा जो कमानदार कोनाडा असतो, तो मिहराब. त्याच्याच नावाखाली आपला बाप्पा दहा दिवस बसतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. वाटूही नये.

एकदा नाद लागला की असे शब्द सापडतच जातात. घुमट, बुरूज, इमारत, मजला, दरवाजा, दिवाणखाना, हौद. 'या प्रश्नाला अनेक कंगोरे आहेत' असं टीव्हीवरच्या प्रत्येक चर्चेत कुणीतरी म्हणतं. त्यातला कंगोरा म्हणजे फारसी 'कंगुरा', तटाच्या माथ्यावरचे दाते. आपण घर बांधताना आणि वाद घालताना एकाच गवंड्याची भाषा वापरतो.

हाच प्रकार स्पेनमध्ये आहे. स्पॅनिशमध्ये गवंड्याला 'अल्बान्यील' म्हणतात, ते अरबी 'अल्-बन्ना'वरून. भिंतीवरच्या चकचकीत फरशीला 'आसुलेखो', गच्चीला 'आसोतेआ'; दोन्ही अरबी मुळाचे. 'आल्कोबा' म्हणजे झोपायची खोली, ती 'अल्-कुब्बा' म्हणजे घुमटावरून. वीट मात्र दोन्हीकडे जुनीच राहिली. त्यांची 'लाद्रियो' लॅटिनमधली, आपली वीट संस्कृत इष्टकेतली.

स्पेनच्या आरागॉन भागात तेरुएल नावाचं एक छोटं शहर आहे. ख्रिस्ती राजाने ते 1171 मध्ये घेतलं. तिथली मुस्लिम वस्ती सगळीच गेली नाही; गवंडी, सुतार, कुंभार मागे राहिले आणि नव्या मालकांसाठी चर्च बांधू लागले. चौदाव्या शतकातला सान मार्तिनचा मनोरा बघा. आहे चर्चच्या घंटांसाठी, पण रचना मिनाराची: एकाच्या पोटात दुसरा मनोरा आणि दोघांच्या मधून वर जाणारा जिना. बाहेरून विटांची जाळीदार नक्षी, मध्येमध्ये हिरव्या-पांढऱ्या चकचकीत फरशा. 1986 मध्ये युनेस्कोने तेरुएलची ही वास्तुकला जागतिक वारसा यादीत घेतली आणि 2001 मध्ये आरागॉनमधल्या आणखी इमारती तिला जोडल्या.

या शैलीला नाव आहे 'मुदेखार'. मूळ अरबी शब्द 'मुदज्जन': राहू दिलेला, माणसाळवलेला. कलेच्या संदर्भात तो 1859 मध्ये होसे आमादोर दे लोस रिओस या अभ्यासकाने रूढ केला. तोवर ज्यांच्यासाठी तो शब्द होता, ती माणसं शिल्लक नव्हती. 1526 मध्ये आरागॉनमधल्या मुस्लिमांना धर्मांतर करायला लावलं. 1609 पासून पुढच्या काही वर्षांत त्यांच्या वंशजांनाही देशाबाहेर काढलं, संपूर्ण स्पेनमधून सुमारे तीन लाख माणसं. मनोरे राहिले, बांधणारे गेले. अडीचशे वर्षांनी त्यांच्या कामाला 'राहू दिलेल्यांची शैली' असं नाव मिळालं.

आपल्याकडे काय झालं? आपल्याकडे नावच पडलं नाही.

जुनं देऊळ दिसलं की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. त्या पद्धतीत घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवतात आणि खांबांवर आडवी तुळई टाकतात. अडचण अशी की दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. आडव्या तुळईच्या खालच्या बाजूला ताण येतो, म्हणून दोन खांबांत फार अंतर ठेवता येत नाही. खरी कमान हा प्रश्नच बदलून टाकते: सगळं वजन दाबात रूपांतरित होऊन बाजूंनी खाली जातं. मग मोठ्या शिळेची गरज उरत नाही, हातात मावणारी वीटही चालते. वीट आपल्याला नवी नव्हती. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचंच आहे, तेही फार जुनं. नवी होती ती कमान आणि घुमट चुन्यात बांधण्याची रीत. दख्खनच्या सुलतानांच्या काळात ती इथे रुजली, आणि पेशवाईतल्या देवळांची शिखरंसुद्धा विटा-चुन्यात उभी राहिली. कुणीतरी लिहिलेली लायब्ररी आपण इम्पोर्ट केली आणि पुढे आपला सगळा कोड तिच्यावर उभा केला, असं मी ऑफिसमध्ये सांगेन.

याचा सगळ्यात बोलका दाखला आमच्या विदर्भातच आहे. समृद्धी महामार्गाने नागपूरहून निघालं की वाटेत बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेडराजा लागतं, जिजाऊंचं माहेर. त्यांचे वडील लखुजी जाधव हे निजामशाहीतले मोठे सरदार. 1629 मध्ये दौलताबादला, निजामशाहाच्याच दरबारात, त्यांचा मुलगे आणि नातवासह खून झाला. सिंदखेडराजात त्यांची समाधी आहे: चौकोनी, भक्कम, कमानींची, वर मोठा घुमट. लांबून पाहणाऱ्याला दख्खनी सुलतानांच्या काळातली कबर वाटेल.

इथे मी अडतो. ज्या दरबाराने मारलं, त्याच दरबाराच्या वळणाची समाधी? पण मग वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. मागे राहिलेल्यांच्या लेखी ते 'त्यांचं' वळण नव्हतंच. मोठ्या माणसाची आठवण कशी बांधायची, याची इथली जी भाषा होती ती ही होती. वेरूळला मालोजीराजे भोसल्यांची समाधीही याच वळणाची आहे. मालोजींनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शिवाजी महाराजांच्या दोन्ही आजोबांच्या समाध्यांवर घुमट आहे, आणि तरी आपण माहिती-फलकावर 'इस्लामी शैलीचा प्रभाव' असं लिहितो. प्रभाव म्हणजे बाहेरून पडलेला. जणू समाधी आपली आणि घुमट पाहुणा.

2024 च्या जूनमध्ये याच समाधीच्या आवारात पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाला जमिनीखाली शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली. मी वाचलेल्या सगळ्या बातम्या मूर्तीच्या होत्या, आणि तसं होणं स्वाभाविकच आहे. पण एकाच जागेवर खाली चालुक्य वळणाचा विष्णू आणि वर दख्खनी घुमट, हे मला त्या मूर्तीइतकंच मोलाचं वाटलं.

नागपूरची गोष्ट वेगळी नाही. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. तो औरंगजेबाच्या दरबारी जाऊन मुसलमान झाला होता. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, तट बांधला आणि तलाव केला: जुम्मा दरवाजा आणि जुम्मा तलाव. पुढे जुम्म्याचं भाषांतर होऊन तलाव शुक्रवारी झाला, मग गांधीसागर. दरवाजाही आता गांधी गेट आहे. बर्डीवरून महालात शिरताना आपण त्याच्याच कमानीखालून जातो. गांधीजींच्या नावाला माझी हरकत नाही. फक्त, तीन नावांत गोंड राजा कुठेच उरला नाही.

नाव नसण्याची किंमत साधी आणि रोजची असते. ज्या गोष्टीला नाव नाही तिचा कारागीर कुणी शोधत नाही. जुन्या कामात चुना घाणीत मळून, मुरवून घेत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ पडे. असा गिलावा श्वास घेतो, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि वीट आतून भुसभुशीत होत जाते. बाहेरून डागडुजी झालेली दिसते. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आज मिळणं कठीण आहे, आणि त्याचा धर्म विचारून तो लवकर सापडणार नाही.

मला 'मुदेखार'सारखा शब्द नको आहे. कुणाला तरी 'राहू दिलं' असं सांगणारं नाव आपल्या घुमटांना शोभणार नाही. 'दख्खनी' पुरेसा आहे: ना त्यांचा, ना आपला, इथला. पुढच्या वेळी सिंदखेडराजाला गेलात तर घुमटाखाली उभं राहून मान वर करा. चौकोनी भिंतींवर गोल घुमट कसा बसवलाय, कोपरे कसे जुळवलेत, ते बघा. ज्याने हे जुळवलं त्याचं नाव कुठेही कोरलेलं नाही. त्याची भाषा मात्र आपण अजून बोलतो.