राबाची राख

फाल्गुन सरला की तलासरीच्या पाड्यांवर संध्याकाळी धुराच्या रेघा उठू लागतात. अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्याला वाटते, कुठेतरी वणवा लागला. तो वणवा नसतो, शेतकरी राब भाजत असतात. ज्या तुकड्यात पुढे भाताचे रोप टाकायचे, तेवढीच जमीन ते भाजून घेतात.

मी मृदाशास्त्र शिकले. पदवीच्या वर्गात आम्हाला राब एका परिच्छेदात शिकवला होता: झाडांची तोड होते, सेंद्रिय पदार्थ जळतो, नत्र हवेत जाते, म्हणून ही पद्धत टाळावी. परीक्षेत मी हे उत्तर लिहून पूर्ण गुण मिळवले. विद्यापीठातल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर मला प्रात्यक्षिक घ्यायचे होते. एका वारली कुटुंबाला मी राब भाजू दिला नाही. त्याऐवजी गादीवाफे केले, सव्वा मीटर रुंद, वीतभर उंच. बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकले. पुस्तकात लिहिले होते ते सगळे केले. मृगाचा पाऊस वेळेवर आला आणि पंधरा दिवसांत वाफे हिरवेगार झाले. मी समाधानाने फोटो काढत होते. तेवढ्यात घरची म्हातारी बांधावरून उतरून आली, एक काडी उपटून तिने माझ्या हातात दिली आणि विचारले, "बाय, हा भात का?"

तो भात नव्हता, पाखड हे तण होते. वाफ्यात निम्म्याहून अधिक पाखडच माजली होती. कोवळेपणी भात आणि पाखड यांत फरक दिसत नाही. पान खोडाला जिथे मिळते तिथे भाताला एक पातळ पापुद्रा असतो आणि बारीक केसाळ कानही असतात, पाखडीला यातले काहीच नसते. हे मी भिंग घेऊन शिकले होते. म्हातारी ते बोटाच्या चिमटीने ओळखत होती. त्या वर्षी त्या घराला आवण, म्हणजे लावणीची रोपे, शेजाऱ्यांकडून मागून आणावे लागले. वेळ टळली, लावणी मागे पडली. माझ्या अहवालात "तणांचा प्रादुर्भाव" असे दोन शब्द आले. त्या घराचे किती भात गेले ते मात्र अहवालात कुठेच आले नाही. ती चूक माझी होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच म्हातारीकडे गेले आणि राब कसा भाजतात ते पहिल्या दिवसापासून पाहिले. आधी शेणाचा थर, त्यावर ऐनासारख्या झाडांचे कवळ, म्हणजे पानांसकट तोडलेल्या कोवळ्या फांद्या. त्यावर वाळके गवत आणि पालापाचोळा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. ही माती कशाला, असे मी विचारले. आग धावू नये म्हणून. आग वाऱ्याच्या उलट्या बाजूने लावायची, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत पुढे सरकते. भडकलेली आग वरचे गवत खाऊन निघून जाते आणि जमीन थंडच राहते. धुमसती आग खाली उतरते.

प्रयोगशाळेत जे हवे असते तेच इथे साधले जात होते. वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरातले तणांचे बी भाजून मरते, किडींची अंडी मरतात. पालाश, स्फुरद, चुना आणि सिलिका राखेतून रोपाला मिळतात. चिकण माती भाजून रवाळ होते, त्यामुळे आवण उपटताना मुळे तुटत नाहीत. लावणीच्या दिवसांत पावसात वाकून दिवसभर मुठी बांधणाऱ्या बाईला हा गुण सर्वांत मोठा वाटतो. आणखी एक गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले की माती तापवली की तिच्यातले सूक्ष्मजीवांचे गणित बदलते आणि रोपाला लागणारे अमोनियाचे नत्र वाढते. म्हणजे पाल्यातले नत्र धुरात जाते हे खरे, पण भाजलेल्या मातीतले नत्र मोकळे होते हेही खरे. माझ्या पाठ्यपुस्तकाने पहिले अर्धे सांगितले होते.

राबाचा वाद नवा नाही. १८८० च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलाच्या बंधनांवरून एवढा असंतोष झाला की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. राबासाठी होणारी कवळतोड हा त्या भांडणातला कळीचा प्रश्न होता. पुढे जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ भारतीय शेती पाहायला आले. १८९३ च्या त्यांच्या अहवालातही राबाची चर्चा आहे. इथल्या शेतकऱ्याला शेती कळत नाही, हा समज त्यांनी त्या अहवालात खोडून काढला. सव्वाशे वर्षांनंतर मला तोच धडा एका पाड्यावर, एका काडीवरून घ्यावा लागला, याची खंत वाटते.

म्हणून राब जसाच्या तसा राखावा, असे मी म्हणत नाही. डोंगरउतारावरची झाडे बोडकी होताना मी पाहिली आहेत. जिथे वरकस जमिनीवर नाचणी-वरई पिकते तिथे पावसाबरोबर माती वाहून जाते, आणि ती धरून ठेवणारी झाडेच आपण कवळासाठी ओरबाडतो. एक हेक्टर लावणीला दहा गुंठे रोपवाटिका लागते. त्या दहा गुंठ्यांसाठी कवळ किती झाडांवरून उतरवावे लागते, हे ज्याने ते भारे डोक्यावरून आणले त्यालाच विचारावे. राबाला पर्याय हवाच, पण राब जी कामे करतो ती सगळी करणारा पर्याय हवा.

या दृष्टीने मला डॉ. नारायण सावंत यांचे काम फार मोलाचे वाटते. त्यांच्या चारसूत्री भात लागवडीचे पहिलेच सूत्र भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळा असे सांगते, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. त्या राखेत सिलिका आणि पालाश असते. सिलिका मिळालेले भाताचे पान ताठ उभे राहते आणि करपा व खोडकीड यांना सहजी दाद देत नाही. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. हे झाड बांधावर फांदी खोचली तरी जगते. हेक्टरी तीन टन हिरव्या फांद्या चिखलणीआधी शेतात पसरायच्या. आठवडाभरात पाने गळून मातीला मिळतात आणि उरलेल्या काड्या चुलीला होतात. ऐनाचे कवळ तोडणाऱ्या बाईलाच सरपणाचाही शोध घ्यावा लागतो, हे माहीत असलेल्या माणसाने लिहिलेले हे सूत्र आहे. तिसऱ्या सूत्राप्रमाणे रोपे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावायची. चौथ्याप्रमाणे चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी सुमारे ६२,५०० गोळ्या, म्हणजे जवळपास १७० किलो खत होते. पण ते वरून फेकलेल्या युरियासारखे पहिल्या सरीबरोबर वाहून जात नाही.

नव्या वाणांचे उदाहरण घ्या. पालघर संशोधन केंद्राचे 'पालघर-१' आणि कर्जत केंद्राचे कर्जत मालिकेतले वाण शेतकऱ्याने घेतले, कारण लवकर येणारे हळवे, मधले निमगरवे, उशिरा येणारे गरवे हा हिशेब तो आधीपासून मांडत आलाच होता. नवे बी त्याच्या हिशेबात बसले की त्याला पटवावे लागत नाही. तणाचा प्रश्न मात्र तुसाच्या राखेने सुटत नाही. त्यासाठी आम्ही वैशाखात वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून पाहिले. उन्हाने माती तापते आणि तण बरेच कमी होते. म्हातारीने प्लास्टिकखाली हात घालून पाहिला आणि मान हलवली. तिच्या घरी पहिल्यांदा माझे काहीतरी मान्य झाल्यासारखे मला वाटले.

आता गोष्ट आणखी बदलली आहे. वाघबारस झाली, दिवाळी झाली, धान्यदेवता कणसरीला नव्या भाताचा मान दिला की पाडे रिकामे होऊ लागतात. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी मासेमारीच्या बोटीवर, कोणी घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत, कोणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत. राबाचे काम नेमके माघ ते वैशाखातले. तेव्हा घरी म्हातारी माणसे आणि मुले उरतात. त्यामुळे बऱ्याच घरांतून राब आपोआप सुटतो आहे. त्यामागे ना आमची शिफारस आहे, ना जंगलाचे प्रेम, भारे वाहायला हात उरलेले नाहीत एवढेच. राब सुटला आणि त्याच्या जागी काही आले नाही, अशा वाफ्यांतली रोपे पिवळी आणि तणात बुडालेली मी दरवर्षी पाहते. आमच्या शिफारशींची खरी कसोटी या घरांत आहे.

शेजारच्या डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा भरवली. गुरे राखायला गेलेली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात गेली. त्याच टेकडीवर आज कृषी विज्ञान केंद्र आहे. त्या कुरणशाळेची वेळ मुलांनी ठरवली होती. आमच्या कामाचे वेळापत्रक अजून शैक्षणिक वर्षाच्या सत्रांवर चालते. कृषी पदवीचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवाला गावात पोचतात तोवर बहुधा पाऊस सुरू झालेला असतो, आवण वर आलेले असते आणि राबाचे वर्षभराचे काम संपलेले असते.

विद्यापीठातल्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलांना एकदा चैत्रात पाठवा. त्यांना कवळाचा एक भारा वाहू द्या, एक राब वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवू द्या, शेजारी तुसाच्या राखेचा एक वाफा करू द्या. भातगिरण्यांबाहेर तुसाचे ढीग पडलेले असतात. त्याची राख मेअखेरीस पाड्यापर्यंत पोचवण्याची सोय ग्रामपंचायती आणि गिरणीवाल्यांनी मिळून केली, तर एका टेम्पोच्या भाड्यात ते काम होईल. आणि जुलैत मुले परत आली की दोन्ही वाफ्यांतली एकेक काडी उपटून त्या घरच्या म्हातारीच्या हातात द्या. निकाल ती सांगेल.