मटकी निराळी, कारलं निराळं

मटकीला मोड कसे आणायचे हे तुम्हा-आम्हाला कुणी शिकवायला नको. रात्री भिजत घातली, सकाळी उपसली, फडक्यात बांधून डब्यात ठेवली, की दुसऱ्या दिवशी उसळीची तयारी. त्यामुळे होतं काय, की कुंडीत किंवा परसात काही लावायचं म्हटलं की आपण प्रत्येक बी मटकीच्याच मापाने मोजतो. कारल्याची बी भिजवतो, दुसऱ्या दिवशी फडकं उघडून पाहतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहतो, आणि चौथ्या दिवशी 'बियाणंच खोटं' म्हणून टाकून देतो. अहो, ती बिचारी आता कुठे जागी होत असते!

आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. सासूबाईंचं म्हणणं, बी मातीत घालावी आणि विसरून जावं. मातीला तिचं काम ठाऊक असतं, फडकी नि डबे कशाला हवेत? मी अर्धवेळ शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला आपलं करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पण या खेपेला नुसती हौस नव्हती, कारण निराळं होतं.

माझं माहेर चिपळूणकडचं. आमच्या परड्यात आई पांढरं कारलं लावायची. बोटभर लांब, गुबगुबीत, कडू पण बेताचं. तसं कारलं मला इकडे बाजारात कधी दिसलं नाही. आई गेली, पुढे भावाने घर विकलं, आणि परड्याच्या जागी आता फरशी आहे. गेल्या वर्षी वहिनीने आईची एक बरणी आणून दिली. आत राख, आणि राखेत कारल्याच्या चौदा बिया. आईच्या हातच्या म्हणजे निदान सहा वर्षांपूर्वीच्या. वेलाच्या भाज्यांचं बियाणं कोरडं नि गार ठेवलं तर साधारण चार-पाच वर्षं चालतं. (कांद्याचं तर वर्षभरातच मंदावतं.) म्हणजे मुदत उलटून गेलेली. त्यातून चौदाच बिया. संपल्या की संपल्या.

तेव्हा ठरवलं, की आधी दुकानाच्या बियांवर पाहायचं. चैत्रात कृषी सेवा केंद्रातून कारल्याची पाकिटं आणली आणि चाळीस बिया मोजून चार वाटे केले. दहा सरळ पिशव्यांमधल्या मातीत. दहा रात्रभर पाण्यात भिजवून मग मातीत. दहा रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात. आणि शेवटच्या दहांचं टोक नेलकटरने अगदी किंचित उडवून, भिजवून, फडक्यात. कारल्याच्या बीचं कवच टणक असतं, पाणी आत शिरायलाच वेळ लागतो, म्हणून ही नखं कापण्याची युक्ती.

हे म्हणाले, "परीक्षा कुणाची, बियांची की आमची?" कारण फडक्याचा डबा ओट्याच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसला होता. पण तो तिथेच हवा होता. बीला उजेड नको असला तरी ऊब हवी. तुमच्या स्वयंपाकघरात इडलीचं पीठ जिथे चांगलं फुगतं, तीच जागा बियांची, असं खुशाल समजा. थंडीच्या दिवसांत तर हे फार महत्त्वाचं. मिरचीची बी उबेत आठ-दहा दिवसांत वर येते, तीच गारठ्यात पंधरा-वीस दिवस तोंड दाखवत नाही.

आता निकाल सांगते. टोक उडवलेल्या बियांनी तिसऱ्याच दिवशी पांढरं मूळ काढलं. नुसत्या फडक्यातल्यांनी पाचव्या दिवशी. भिजवून पेरलेल्या सातव्या दिवशी मातीतून वर आल्या, आणि सरळ पेरलेल्या नवव्या दिवशी. पण नुसत्या घाईला काय करायचंय? दहातल्या किती, हे पाहायचं. टोक उडवलेल्या सात आल्या, तीन बुळबुळीत होऊन कुजल्या. फडक्यातल्या आठ. मातीतल्या दोन्ही वाट्यांत सहा-सहा. सासूबाई म्हणाल्या, "दोन बियांसाठी एवढा खटाटोप!" पाकिटभर बिया हाताशी असतील तर त्यांचं खरंच आहे.

आणि दहातल्या सहा आल्या म्हणून दुकानदाराशी भांडायलाही जाऊ नका. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली उगवणशक्तीची किमान मर्यादा ठरवलेली असते. कारल्याला ती शेकडा ६०, भेंडीला ६५, टोमॅटो-वांग्याला ७०, मिरचीला ६०. पाकिटावर हा आकडा नि मुदतीची तारीख छापलेली असते, विकत घेतानाच वाचावी. आणखी एक. काही पाकिटांतल्या बिया गुलाबी-निळ्या रंगाच्या असतात. तो रंग शोभेचा नाही, बियाणाला बुरशीचं औषध चोळल्याची ती खूण आहे. अशा बिया उसळीच्या डब्यात नि रोजच्या फडक्यात मुळीच बांधू नयेत. वेगळा डबा ठेवा, हात साबणाने धुवा, आणि मुलांच्या हाती देऊ नका.

फडक्याचंही एक तंत्र आहे. मलमल घेऊ नये, मूळ तिच्या विणीत शिरतं आणि सोडवताना तुटतं. मी जुना सुती रुमाल चौपदरी करून घेते. टिपकागद मिळाला तर फारच छान, मूळ अडकलं तर कागदासकट लावून टाकायचं. रुमाल भिजवून घट्ट पिळायचा. दाबल्यावर पाणी गळता कामा नये. बीलाही श्वास लागतो, पाण्यात बुडून राहिली तर ती गुदमरते. म्हणून डब्याचं झाकण सैल, आणि रोज एकदा उघडून वारा द्यायचा. वास आला तर बिया धुऊन रुमाल बदलायचा. मूळ गव्हाच्या दाण्याएवढं झालं की लगेच मातीत, मूळ खाली करून. मटकीसारखे लांब मोड येण्याची वाट पाहायची नाही. मूळ मोडलं तर ती बी बहुधा हातची गेली.

सगळ्याच बियांना हे लाड नकोत, बरं का. वाल, घेवडा, वाटाणा यांना रात्रभर भिजवलं तर ते फुगून तडकतात आणि मातीत कुजतात. चार-पाच तास पुष्कळ झाले. मुळा, गाजर जागच्या जागीच पेरावं, उपटून लावलं तर कंदाला फाटे फुटतात. मेथी तर नुसती भुरभुरवली तरी येते. टोमॅटो-मिरचीची मुळं दोऱ्यासारखी नाजूक, ती फडक्यातून उचलण्यापेक्षा बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवून सरळ मातीत घालावी, वर बीच्या दुप्पट-तिप्पट जाडीएवढीच माती. धन्याची गंमत तुम्हाला ठाऊक असेलच. एक धना म्हणजे एक बी नव्हे, आत दोन असतात. लाटण्याने हलकेच रगडून दोन पाकळ्या कराव्या, रात्रभर भिजवून सावलीत फडफडीत कराव्या आणि पेराव्या. तरी आठ ते पंधरा दिवस लागतात. इथे मी आणि सासूबाई एकाच पक्षात आहोत.

मग आईच्या बियांचं काय? टोक उडवायचा धीर झाला नाही, आणि त्याला कारणही होतं. जुन्या बीच्या आतल्या पेशींची आवरणं कमजोर झालेली असतात. एकदम पाणी शिरलं तर ती फाटतात आणि आतलं सत्त्व बाहेर झिरपतं. अशा बीला पाणी हळूहळू मिळायला हवं. म्हणून पाण्यात न भिजवता, नुसत्या दमट टिपकागदात ठेवायचं ठरवलं. चौदाही नाहीत, सातच. उरलेल्या सात पुन्हा राखेत गेल्या.

पाचवा दिवस गेला, आठवा गेला. घरात कुणी विचारीना, मीही काही बोलेना. दहाव्या दिवशी एका बीच्या टोकाशी बारीक चीर दिसली. बाराव्या दिवशी दोन मुळं. पुढे आणखी एक. उरलेल्या चार मऊ पडल्या, त्या गेल्या. सातात तीन. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांच्या बिया लावायची आपली रीत, तो दिवस तेवढ्यात आलाच होता. आळी सासूबाईंनी केली. शेणखत त्यांनीच कालवलं, आणि तिसऱ्या बीचं मूळ जरा वाकडं होतं तर ती मला न देता स्वतः लावली.

दुकानाच्या बियांची रोपं मी शेजारीपाजारी वाटून टाकली. कारण मधमाश्या काही आपलं-परकं पाहत नाहीत. जवळ दुसरं कारलं असलं की बियाणात सरमिसळ होते. तरी काळजी म्हणून दोन मादीकळ्यांना (ज्यांच्या खाली इवलंसं कारलं असतं त्या) आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी बांधली. त्याच वेळी आपल्याच वेलांवरच्या दोन-चार नरकळ्याही झाकून ठेवल्या. सकाळी लवकर त्यांतलं एकेक फूल मादीफुलावर टेकवून पिशवी पुन्हा बांधली. हे काम हळदीकुंकवाच्या बोटाने करावं इतक्या हलक्या हाताने करायचं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपण्याचं केवढं काम उभं केलं, त्यासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वाचलं असेल. आमचं आपलं तीन वेलांचं.

श्रावणात पहिली कारली उतरली. पांढरीच. चिंचगुळाची भाजी केली, ह्यांनी दोनदा मागून घेतली. पिशवी बांधलेली दोन्ही कारली मात्र वेलावरच राहू दिली. ती पिकून नारिंगी झाली आणि आपोआप उकलली. आत बियांभोवती लालभडक गर असतो, तो चोळून धुऊन काढला, बिया सावलीत आठ दिवस वाळवल्या. एकोणतीस भरल्या. पुड्या करून प्रत्येकीवर साल लिहिलं. एक पुडी वहिनीला पोस्टाने गेली, एक सासूबाईंनी त्यांच्या पिशवीत ठेवली आहे. त्यांच्या बहिणीला द्यायची म्हणतात. सोबत मी चिठ्ठी घालणार होते, टिपकागदाची कृती लिहून. त्या म्हणाल्या, "काही नको, ती सरळ मातीतच घालील."