धक्क्यापासून बाजारापर्यंत

बंदरात मोठं क्रूझ जहाज लागलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत प्रवाशांचा आकडा ठळक छापलेला असतो. मग कोणीतरी त्या आकड्याला माणशी खर्चाने गुणतं आणि शहराला इतका फायदा झाला असं जाहीर करतं. मी बंदर-नियोजनात काम करते, आणि हा गुणाकार मला मनापासून खटकतो. तो आकडा जहाजाचा आहे, गावाचा नाही. गावाच्या हाती काय लागलं हे कळायला वेगळ्याच चौकशा कराव्या लागतात. जहाज किती तास थांबलं? माणसं जेवली कुठे? सहलीचे पैसे कोणाच्या खात्यात गेले? भाजी, मासळी, पाणी, इंधन कुठून भरलं? आणि धक्क्यापासून बाजारापर्यंतची जागा कोणाच्या ताब्यात आहे? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न बाकीच्या बहुतेकांचं उत्तर ठरवून टाकतो.

क्रूझच्या धंद्यात बंदरं दोन प्रकारची. जिथून सफर सुटते आणि जिथे संपते ते होम पोर्ट. वाटेत दिवसभरापुरतं थांबायचं ते पोर्ट ऑफ कॉल. दोन्हीकडे जहाज तेच आणि गर्दीही तशीच, पण मिळकतीत फार अंतर. होम पोर्टला प्रवासी आदल्या दिवशी येतो, हॉटेलात उतरतो, टॅक्सी करतो, चार गोष्टी विकत घेतो. जहाजाचा शिधा तिथेच चढतो. हजारो माणसांचं आठवड्याचं खाणं म्हणजे जहाजांना माल पुरवणाऱ्या शिपचँडलरपासून घाऊक भाजीबाजारापर्यंत कितीतरी हातांना काम. कर्मचाऱ्यांची अदलाबदल होते, दुरुस्तीची लहानसहान कामं निघतात. पोर्ट ऑफ कॉलला मात्र माणूस सकाळी पोटभर नाश्ता करून उतरतो आणि संध्याकाळच्या जेवणाला परत चढतो. खाण्यापिण्याचे पैसे तिकिटातच भरलेले असल्यामुळे गावच्या खानावळीत बसायचं त्याला फारसं कारण उरत नाही.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला परदेशी जहाज लागतं ती सकाळ मी अनेकदा पाहिली आहे. इमिग्रेशनचं उरकलं की छातीवर क्रमांकाचे गोल स्टिकर लावलेली माणसं खाली येतात, त्याच क्रमांकाची पाटी धरलेल्या गाइडमागे चालू लागतात आणि वातानुकूलित बसमध्ये चढतात. मणिभवन, धोबीघाट, गेटवे, एखादं ठरलेलं हस्तकलेचं दुकान आणि परत. सहलीचं तिकीट जहाजावरच विकलेलं असतं. त्यातला मोठा वाटा, बऱ्याच बंदरांत निम्म्याच्या आसपास, जहाज कंपनीकडे राहतो. उरलेल्यात स्थानिक टूर ऑपरेटर, बस, ड्रायव्हर, गाइड आणि प्रवेशशुल्क भागवायचं. गेटबाहेर ताटकळणाऱ्या काळी-पिवळीवाल्याला मिळतात ते सहल न घेता आपले आपण निघालेले मोजके प्रवासी. ते त्याला मिळतील की नाही, हे टॅक्सी गेटच्या आत उभी राहू शकते की नाही यावर ठरतं. बाहेरून किरकोळ दिसणारी ही बाब आमच्या नकाशांवर मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

या विषयातलं सगळं बरं-वाईट एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर मी अलास्कातल्या जूनोकडे बोट दाखवते. राज्याची राजधानी असून वस्ती जेमतेम ३२,०००. बाहेरच्या जगाशी जोडणारा एकही रस्ता नाही; यायचं ते बोटीने नाहीतर विमानाने. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जहाजं येतात. २०२३ च्या हंगामात या गावात १६ लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी उतरले. पाच मोठी जहाजं एकाच दिवशी लागली तर गावाच्या निम्म्या वस्तीइतकी माणसं किनाऱ्यालगतच्या दोन-तीन गल्ल्यांत उतरतात.

हे गावाला नको होतं, असं मुळीच नाही. आग्नेय अलास्कातल्या लाकडाच्या लगद्याच्या गिरण्या १९९० च्या दशकात बंद पडल्या, तेव्हा त्या पट्ट्याला दुसऱ्या रोजगाराची गरज होती. जूनोचा स्वतःचा ५ टक्के विक्रीकर आहे, त्यात पाहुण्यांच्या खरेदीमुळे भर पडते. देवमासे दाखवणाऱ्या बोटी, बस, हेलिकॉप्टर, मेंडेनहॉल हिमनदीकडच्या सहली यांवर अनेक घरं चालतात. पण धक्क्यासमोरच्या साउथ फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या दागिन्यांच्या दुकानांपैकी बरीच बाहेरच्यांची. कॅरिबियन बंदरांत दिसतात त्याच नावांची दुकानं इथे उन्हाळ्यात उघडतात, आणि हंगाम संपला की गावाच्या मुख्य रस्त्यावर महिनोन्‌महिने फळ्या ठोकलेल्या. डोक्यावर हेलिकॉप्टरची घरघर, जहाजं लागली की रेंगाळणारं मोबाइलचं नेटवर्क, हंगामी कामगारांमुळे भाड्याच्या घरांची टंचाई, हे सगळं तिथल्या माणसाला रोज सोसावं लागतं.

मला जूनोबद्दल आदर वाटतो तो या गावाने कधीच न सोडलेल्या चिकाटीबद्दल. १९९७ पासून तिथे सहलवाले, नगरपालिका आणि रहिवासी मिळून आचारनियम ठरवतात: बस कुठल्या रस्त्याने जातील, हेलिकॉप्टर कुठल्या मार्गाने उडेल, तक्रार कुठे करायची. १९९९ मध्ये मतदारांनी प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे ५ डॉलरचं शुल्क मंजूर केलं. त्या पैशातून किनाऱ्याला चालायचा रस्ता आणि देवमाशाच्या पुतळ्याभोवतीची बाग झाली, तेव्हा २०१६ मध्ये क्रूझ कंपन्यांची संघटना न्यायालयात गेली. २०१८ च्या निकालाने शुल्क कायम ठेवलं, पण पैसा जहाजाच्या सेवेसाठीच खर्चायचा अशी मर्यादा घातली. शुल्क लावणं एक, आणि ते गावाच्या कुठल्या गरजेसाठी वापरता येईल हे सुरुवातीलाच कायद्यात पक्कं करून घेणं दुसरं. या दुसऱ्या गोष्टीकडे जवळजवळ सगळीच बंदरं दुर्लक्ष करतात.

२०२४ पासून जूनोत दिवसाला पाचच मोठी जहाजं येतात. कंपन्यांशी झालेल्या पुढच्या समझोत्यानुसार २०२६ पासून जहाजांवरच्या खाटा मोजायच्या: शनिवारी १२,००० आणि इतर दिवशी १६,००० ही कमाल. खाटा मोजणं शहाणपणाचं आहे, कारण जहाजांची संख्या तेवढीच ठेवून प्रत्येक जहाज दुप्पट मोठं करता येतं. २०२४ च्याच ऑक्टोबरमध्ये शनिवारी मोठी जहाजं नकोतच असा प्रस्ताव मतदानाला आला आणि सुमारे साठ टक्के मतांनी पडला. लोक गर्दीवर खूश आहेत असा त्याचा अर्थ लावणं मला पटत नाही. ज्यांची स्वतःची बोट आहे, बस आहे, खाद्यपदार्थांची गाडी आहे, त्यांना शनिवारची कमाई सोडवली नाही, इतकाच अर्थ मी लावते. धंदा स्थानिकांच्या हातात असला की निर्णयही त्यांचाच असतो, मग तो कुठलाही असो.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराची गंमत वेगळी आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून सुटून अमेरिकी बंदरांतच फिरून परतणारी सफर परदेशी बंदराला लागल्याशिवाय करता येत नाही. सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं त्यासाठी व्हिक्टोरियाला थांबतात, पुष्कळदा संध्याकाळी उशिरा येऊन मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात. दुकानं मिटलेली असतात. प्रवाशांची मोजणी मात्र पूर्ण होते.

जमीन कोणाची, या प्रश्नाची दोन टोकं मी विद्यार्थ्यांना नेहमी शेजारी शेजारी ठेवून दाखवते. एक जमैकातलं फॅलमथ. अठराव्या शतकातलं देखणं गाव. २०११ मध्ये तिथे जमैकाच्या बंदर प्राधिकरणाने एका बड्या क्रूझ कंपनीबरोबर जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजांसाठी बंदर उभारलं. धक्क्याला लागूनच कुंपणाच्या आत दुकानांची नवी वसाहत झाली. प्रवासी तिथेच रेंगाळतो किंवा बसमध्ये बसून दूरच्या धबधब्याला जातो. कुंपणाबाहेरच्या गावकऱ्याला आत यायला परवाना हवा. जुनं गाव पावलांवर असून त्याच्या वाट्याला ग्राहक फार थोडे येतात.

दुसरं टोक अलास्कातलंच हूना, ट्लिंगिट आदिवासींचं साधारण ९०० वस्तीचं गाव. मासेमारी आणि लाकूडतोड खालावल्यावर तिथल्या आदिवासींच्या मालकीच्या हूना टोटेम महामंडळाने १९१२ ची बंद पडलेली मासे डबाबंद करायची गिरणी दुरुस्त केली आणि २००४ मध्ये तिथे पर्यटकांचं बंदर सुरू केलं. धक्क्याजवळची दुकानं, सहली, संग्रहालय त्यांच्याच हाती. नोकऱ्यांत गावकऱ्यांना प्राधान्य. हूनाही आता गजबजलं आहे आणि तिथेही जहाजं वाढली. पण किती वाढवायची हे ठरवताना टेबलाच्या अलीकडे गाव बसलेलं असतं. फॅलमथ आणि हूना दोन्ही ठिकाणी जहाजं सारखीच. फरक पडला तो धक्क्यामागच्या थोड्याशा जमिनीमुळे.

हवा आणि पाण्याचं दुखणं याहून सोपं नाही, पण त्याचे इलाज तरी ठाऊक आहेत. धक्क्याला लागलेल्या जहाजाचं एसी, स्वयंपाकघर, दिवे चालू राहतात. त्यासाठी इंजिनं चालतात आणि धूर शेजारच्या वस्तीत शिरतो. जहाजाला किनाऱ्यावरून वीज द्यायची सोय जूनोच्याच एका धक्क्यावर २००१ मध्ये झाली. क्रूझ जहाजांसाठी जगातली ती पहिली. जवळ जलविद्युत मुबलक होती म्हणून ते जमलं. जिथे ती वीज कोळशाची, तिथे धूर फक्त गाव बदलतो, पण बंदरालगतच्या झोपडपट्टीतल्या मुलाच्या फुप्फुसाला तेवढाही बदल मोलाचा आहे. पाण्यावरचा धोका व्हेनिसने पाहिला: तिथे २ जून २०१९ रोजी एक अजस्र जहाज ताबा सुटून धक्क्यावर आणि पर्यटकांच्या बोटीवर आदळलं. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी झाली. ती आणायला रहिवाशांना अनेक वर्षं लढावं लागलं.

आणि लढून जिंकलेलंही हातचं जाऊ शकतं. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये १,३०० हून अधिक क्षमतेची जहाजं नकोत आणि दिवसाला १,५०० च माणसं उतरावीत असं ठरवलं. २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तो कौल रद्द केला. पुढे नगरपालिकेने स्वतःच्या मालकीचे धक्के मोठ्या जहाजांना बंद केले, ते मात्र टिकलं. खासगी धक्का चालूच राहिला. मतपेटीने जे झालं नाही ते मालकीने झालं.

आता आपल्याकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतून क्रूझ भारत मोहीम जाहीर झाली, २०२९ पर्यंत समुद्री क्रूझ प्रवासी दहा लाखांवर न्यायचं लक्ष्य आहे, आणि बॅलार्ड पिअरला नवं टर्मिनल उभं राहिलं आहे. मला या टर्मिनलचा आनंद आहे. मुंबई होम पोर्ट होऊ शकते. विमानतळ, हॉटेलं, बाजार, सगळं इथे आहे. लक्ष्य मात्र पुन्हा माणसांच्या आकड्याचंच आहे. त्यासोबत इथे चढलेल्या शिध्याचं, इथल्या हॉटेलांत काढलेल्या रात्रींचं लक्ष्यही छापलं जावं.

गोव्याचं या धंद्याशी नातं फार जुनं आणि वेगळं आहे. सासष्टी-बार्देशात घरटी कोणीतरी ‘बोटीवर’ असतं. तिथली कितीतरी घरं क्रूझच्या पगारावर बांधली गेली, पोरं शिकली. त्याची किंमतही त्या घरांना ठाऊक आहे: करोनाच्या टाळेबंदीत जहाजं समुद्रातच अडकली तेव्हा घरचे जीव मुठीत धरून बसले होते, आणि २३ एप्रिल २०२० ला एका जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईत उतरले तेव्हा कुठे किनाऱ्याला पाय लागायला सुरुवात झाली. पण हा पैसा जगभरच्या समुद्रांवरून गोव्यात येतो, मुरगावला लागणाऱ्या जहाजांमुळे नव्हे. मुरगावच्या जहाजांचा हिशेब वास्कोच्या टॅक्सीवाल्याला आणि दुकानदाराला विचारूनच मांडायला हवा.

कोकणासाठी माझ्या मनात एक ठोस सूचना आहे. तिचा आधार ग्रीसमधल्या सँटोरिनीत आहे. तिथे मोठ्या जहाजाला धक्का नाही. जहाज खाडीत उभं राहतं आणि प्रवाशांना किनाऱ्यावर आणायचं काम तिथल्या होडीवाल्यांची संघटना करते. गर्दीने ते बेट बेजार झालं आहे हे खरं. दिवसाला ८,००० प्रवाशांची मर्यादा आणि २०२५ पासून ऐन हंगामात माणशी २० युरोंचं शुल्क त्यामुळेच आलं. तरी जहाज आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यावरची मिळकत होडीवाल्यांनी सोडली नाही. आपल्याकडे किनाऱ्याने प्रवासी नेणारी कोकणबोट मालवण-वेंगुर्ल्यासमोर उभी राहायची तेव्हा माणसं पडावातूनच उतरायची, आणि ते पडाव गावचेच असायचे. आज मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांना नेणारे होडीवाले आहेत. पाणी, खडक, वारा त्यांच्याइतका कोणालाच कळत नाही.

उद्या एखादं लहान क्रूझ जहाज मालवणसमोर नांगर टाकणार असेल, तर प्रवासी किनाऱ्यावर आणायचा हक्क या होडीवाल्यांना लेखी मिळावा, सुरक्षेच्या दर्जाच्या होड्या घ्यायला त्यांना कर्ज मिळावं, आणि जहाज कुठे उभं राहील हे रापणकरांना विचारून ठरावं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या आड ते येणार नाही. माणशी शुल्क लावलंच तर ते गावाच्या पाण्यावर आणि कचऱ्यावर खर्च करता येईल असं नियमातच लिहावं. क्रूझ कंपन्या आपली वेळापत्रकं दीड-दोन वर्षं आधी पक्की करतात. एकदा मालवणचं नाव छापून तिकिटं विकली गेली की अटी घालायला जागा राहत नाही, म्हणून ही बोलणी त्याआधी, जेटीचा आराखडा कागदावर असतानाच व्हायला हवीत.