जुन्या नाशकात खायचं कुठे?

आमच्या भाचेसूनबाई पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच नाशिकला निघाल्या आहेत. परवा फोनवर म्हणाल्या, "मावशी, नवीन हॉटेलं नकोत. जुन्या गावात कुठे खायचं तेवढं सांगा." मी पनवेलची, पण माझा दादा 1970 पासून चौदा वर्षं नाशकात होता. नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आणि बिऱ्हाड जुन्या गावातल्या एका वाड्यात. त्यामुळे मे महिन्याची सुट्टी आमची तिथेच जायची. फोनवर दोन-चार नावं सांगितली खरी, पण मनात आलं की नुसती नावं सांगून भागत नाही. म्हणून मंडळी, हे थोडं सविस्तर.

पनवेलहून कसारा घाट चढून गेलं की गाव लागायच्या आधी पांडवलेणी येतात. गुडघे साथ देत असतील तर पायऱ्या चढून दहाव्या क्रमांकाचं लेणं बघावं. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात, त्याचा लेख तिथे आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. कुठल्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, गोवर्धनात (म्हणजे आपल्या नाशिकजवळच) आणि सोपाऱ्यात वाटसरूंना उतरायला जागा बांधल्या, असा सगळा हिशेब त्याने कोरून ठेवला आहे. वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवू घातल्याचंही त्यात आहे! लाख हा आकडा आपण थोडा कमी करून घेऊ. पण नाशकात परगावच्या माणसाची सोय कुणीतरी बघत आलंय, हे आजचं नव्हे. पुढे तेच काम तीर्थोपाध्यायांनी केलं. रामकुंडावर क्रिया करायला आलेलं कुटुंब उपाध्यायांच्याच घरी उतरायचं आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात शिजलेलं जेवायचं. जाताना त्यांच्या वहीत नाव-गाव लिहून जायचं. हॉटेलं फार नंतरची.

आता मिसळ. ती पंचवटीत खावी आणि सकाळीच खावी. पंचवटी कारंजाजवळ अंबिकाची काळ्या रश्शाची मिसळ प्रसिद्ध आहे. हल्ली गावाबाहेर मळ्यांमधून मिसळीची मोठमोठी ठिकाणं झाली आहेत. झोपाळे काय, बैलगाडी काय! मुलांना आवडतं ते. मला मात्र मिसळ बाकावर बसून, शेजारच्याच्या कोपराचा धक्का खात खाल्ली की बरी वाटते.

इथे वहिनीची गोष्ट सांगायला हवी. नात्यातल्या काहींना ती आवडणार नाही, पण आता वर्षं झाली.

2011 साली दादा गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी रामकुंडात सोडल्या. सगळं आटोपून वर आलो तेव्हा साडेदहा झाले असतील. पहाटे पनवेलहून निघताना घेतलेल्या चहावरच होतो. वहिनी एकदम म्हणाली, "मला मिसळ खायची आहे."

कुणी काही बोलेना. आमचे एक वडीलधारे चुलतभाऊ हळूच म्हणाले, "अहो, सुतक आहे. कांदा-लसूण आज? आणि हॉटेलात? लोक काय म्हणतील?"

"इथे लोकांना काय माहीत मी कोण ते," वहिनी म्हणाली.

मी तिच्याबरोबर गेले. बाकीचे गाडीत बसून राहिले. मिसळ समोर आली, तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "इतकी गरम असते होय!" चौदा वर्षं ती तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर राहिली होती. दादा दर रविवारी मित्रांबरोबर हॉटेलात खायचा आणि येताना कडीच्या डब्यातून तिच्यासाठी घेऊन यायचा. प्रेमानेच आणायचा, त्याबद्दल शंका नाही. पण घरी येईपर्यंत शेव भिजून लगदा व्हायची. वाड्यातल्या बायका हॉटेलात बसत नसत, एवढंच त्याचं कारण. काही हॉटेलांत पडदा लावलेली फॅमिली रूम असे, पण तिथेही नवऱ्याने न्यावं लागे. आणि दादाला ते कधी सुचलं नाही. वहिनीने जास्तीचा रस्सा मागून घेतला. रडली नाही. मीच डोळे पुसत होते आणि वाढणाऱ्या पोऱ्याला वाटलं, तिखट लागलं. त्याने दह्याची वाटी आणून ठेवली.

मिसळ झाली की काळारामाला चालत जावं. सूनबाई, देऊळ काळ्या दगडाचं आहे, सुंदर आहे, ते बघशीलच. पण याच दाराशी 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला आणि माणसं आत येऊ नयेत म्हणून देवळाचे दरवाजे लावून घेतले गेले, हेही मुलांना सांग. मी शाळेत मराठीबरोबर नागरिकशास्त्रही शिकवायचे. घटनेचं पंधरावं कलम वाचताना मुलं कंटाळायची. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, कुणालाही अटकाव नको, अशी ती यादी. मलाही ती रुक्षच वाटायची. काळारामाच्या पायरीवर बसलं की कळतं, घाट आणि उपाहारगृह एकाच कलमात का लिहावं लागलं ते. बाकावरच्या शेजाऱ्याच्या कोपराचं मी वर कौतुक केलं, पण तो बाक सगळ्यांना सहज मिळालेला नाही.

असो. मग पूल ओलांडून गावात. दुतोंड्या मारुतीला नमस्कार करावा, गोदेचा पूर त्याच्या अंगावर किती चढला त्यावरून नाशिककर मोजतात. मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा खावा, तोही कढईतून निघाल्या निघाल्या. सराफ बाजाराकडे बुधा हलवायाची जिलेबी आहे. तिथेच पेशव्यांचा सरकारवाडा आहे, तोही बाहेरून का होईना, बघून घ्यावा. या गल्ल्यांत गाडी नेऊ नये. रविवार कारंजाच्या अलीकडेच सोडून द्यावी आणि पायी फिरावं. आमच्या दादाचा वाडा आता नाही, तिथे चार मजले उभे राहिले आहेत.

आणि हो, येताना कोंडाजी चिवडा आण. वहिनी आता माझ्याकडेच पनवेलला असते. दात फारसे राहिले नाहीत, पण चिवडा खलबत्त्यात कुटून, वर कांदा बारीक चिरून घालून खाते. अर्धा किलो आणलास तर पुरणार नाही.