आतला कोपरा

आषाढात आमच्या पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मी कानस हातात घेतो. चिखलोली धरणाच्या अंगाने ढग उतरतात, एमआयडीसीची धुराडी दिसेनाशी होतात आणि त्या आवाजात माझी खरखर बुडून जाते. शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडत नाही. बाकाला वाईस बसवलेला आहे आणि त्याच्या जबड्यात सध्या एक सहा टोकांचा पोलादी तारा आहे, अर्धा झालेला.

पलीकडच्या घरातला मुलगा परवा डोकावला. ‘‘काका, हे निंजा फेकतात ते ना?’’

तेच ते. जपानीत त्याला शुरिकेन म्हणतात. शब्दाचा अर्थ, तळहातात दडलेलं पातं. त्यातला चौकोनी, मधे भोक असलेला एक प्रकार खिळे उपटायच्या अवजारातून आला, असं मानतात. कारागिराच्या पेटीतली वस्तू योद्ध्याच्या कमरेला गेली. माझ्या बाकावर ती पुन्हा कारागिराकडे परत येते, एवढंच. मी धार लावत नाही. कडा एमरीने मारतो, टोकं बोटाला टोचणार नाहीत इतकी गोल करतो. हा तारा फेकायचा नाही, भिंतीवर लावायचा आहे. मुलाला ते सांगितलं, तारा त्याच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही तळव्यांवर घेऊन वजन बघितलं. शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो.

फेकायचं पोलाद मिरवायचंही असतं, हे मी पहिल्यांदा नांदेडला पाहिलं. तख्त सचखंड हुजूर साहिबच्या आवारात निहंग शीख दिसतात. त्यांच्या उंच निळ्या पगड्यांवर चक्रं चढवलेली असतात, एकावर एक, लखलखीत. चक्र हे खरोखरीचं फेकायचं शस्त्र. बाहेरच्या कडेला धार असलेलं कडं. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये त्याच गावी देह ठेवला. उन्हात त्या पगडीकडे मी खूप वेळ बघत राहिलो होतो. शस्त्र डोक्यावर चढलं की त्याचं दागिन्यात रूपांतर होतं, आणि तरीही त्याचा मान शस्त्राचाच राहतो. घरी येऊन मी भंगारातून 3 मिमी जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी उचलली ती त्याच आठवड्यात.

आखणी सोपी आहे. पट्टीवर खडू फासायचा, मधे सेंटर पंचने टिंब मारायचं, डिव्हायडर 50 मिमीवर उघडून वर्तुळ ओढायचं. डिव्हायडर तसाच ठेवून परिघावर चालवला की सहा पावलांत तो जिथून निघाला तिथे येऊन पोचतो. शाळेत हे फळ्यावर पाहिलं होतं. पोलादावर सहावं पाऊल पहिल्या खुणेत ‘टक्’ करून बसतं तेव्हा अजूनही अंगावर शहारा येतो. एक सोडून एक खुणा जोडल्या की एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण, म्हणजेच तारा.

मग हॅक्सॉ. ब्लेड इंचाला 32 दातांचंच हवं, नाहीतर पातळ पत्र्यात दात अडकून तुटतात. ग्राइंडरने हे काम दहा मिनिटांत होतं, आणि टोकं सुरेख निघतात. माझा पहिला तारा मी तसाच केला होता. भिंतीवर लावला आणि काहीतरी खटकत राहिलं. टोकं सहाही नेमकी होती. मग दोन टोकांच्या मधल्या खाचा बघितल्या. ग्राइंडरची चकती गोल. ती आतल्या कोपऱ्यात शिरते आणि रेषेच्या पुढे निघून जाते. एक खाच खोल, दुसरी उथळ. तारा लंगडत होता.

तेव्हा मला टूलरूममधले उस्ताद आठवले. मी फिटर म्हणून लागलो तेव्हा ते निवृत्तीला आले होते. जॉब घेऊन गेलं की बाहेरची मापं ते बघायचेच नाहीत. ट्यूबलाइटसमोर धरायचे, एक डोळा मिटायचे आणि आतल्या कोपऱ्यात बघायचे. ‘‘बाहेरचं मशीन करतं रे, आतलं तू केलंस का?’’ एवढंच विचारायचे. महिनाभर त्यांनी मला नुसती कानस मारायला लावली होती. तेव्हा राग यायचा. आज त्या महिन्यावरच माझा हात चालतो.

आता मी प्रत्येक खाचेत आधी रेषेला टेकेल असं, ताऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, 3 मिमीचं भोक पाडतो. करवत त्या भोकात येऊन थांबते. उरलेलं सगळं तिकोनी कानशीचं काम. ताऱ्याची खाच 120 अंशांत उघडते, कानशीची धार 60 अंशांची. त्यामुळे एक बाजू भिंतीला घासत असताना धार थेट कोपऱ्यात पोचते आणि समोरच्या भिंतीला ओरखडा येत नाही. पुढे दाबायचं, मागे येताना उचलायचं. चार-पाच हात मारले की डिव्हायडर लावायचा. मध्यापासून प्रत्येक कोपरा 28.9 मिमीवर आला पाहिजे. एक चुकला तर बाकीचे पाच त्याच्यापर्यंत न्यावे लागतात, म्हणजे सगळा ताराच बारीक करावा लागतो. एक कोपरा नीट व्हायला मला अर्धा तास लागतो. सहाचे तीन तास. या तीन तासांइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

रंग शेवटी. घासून आरसा केलेला तारा वाळूच्या तव्यावर मंद आचेवर ठेवायचा. 220 अंशांच्या सुमाराला वाळल्या गवताचा पिवळा उगवतो, मग तपकिरी, 280 च्या आसपास जांभळा, आणि 300 ला मोरपिशी निळा. हा रंग लावलेला नसतो. पोलादावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचा आणि उजेडाचा तो खेळ असतो, पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर दिसतो तसा. थर जाड झाला की रंग बदलतो. क्षणभर उशीर झाला तर निळा मावळून राखाडी होतो. चिमट्याने उचलून पाण्यात टाकला की तो क्षण तिथेच थांबतो. वरून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवला नाही तर आमची हवा आठ दिवसांत त्याला तांबूस करून टाकते.

टोकांपेक्षा खाचा महत्त्वाच्या, हे उस्तादांच्याही आधी आमच्याच गावाशेजारी कुणीतरी दगडात करून ठेवलं आहे. वालधुनीच्या काठचं अंबरनाथचं शिवमंदिर, शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. त्याची भिंत सरळ जातच नाही. पुढे येते, मागे सरते, पुन्हा पुढे येते. आपण मूर्ती बघत फिरतो. पण त्या मूर्तींना उठाव देणारी सावली साठते ती आतल्या कोपऱ्यांत. छिन्नी तिथपर्यंत नेणाऱ्या हातांना किती वेळ लागला असेल, ते मला माझ्या अर्ध्या तासावरून थोडंसं कळतं. शिखर भंगलं, कोपरे अजून शाबूत आहेत.

अंबरनाथला आलात तर सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असताना देवळाला मागच्या बाजूने वळसा घाला, आणि निदान एका कोपऱ्यापाशी थांबून आत बघा.